नजरेच्या जोड्या

प्रिय सखे,

तुझं पत्र आणि सोबतची कथा दोन्ही मिळालं. कथा मला मनापासून आवडली. आजोळची ती दुपार, पाहुण्यांसमोर लाडू मागणारी मुलगी आणि स्वयंपाकघराच्या दारातून तिच्याकडे बघणारी आई, हे सगळं इंग्रजीतूनही माझ्यापर्यंत नीट पोचलं. तू लिहितेस की तुमच्या लेखनगटातल्या बाईंनी जिथे जिथे 'लुक्ड' आला तिथे पेन्सिलीने रेघ मारली. मग तू समानार्थी शब्दांचा कोश घेऊन बसलीस, एकेक 'लुक' काढून टाकलास, त्याजागी 'गेझ', 'पिअर', 'ग्लिम्प्स' घातलेस, आणि आता कथा परक्या कुणीतरी लिहिल्यासारखी वाटते. अगं, तुझा कान तुला बरोबर सांगतोय. तू निवडलेले शब्द चांगले आहेत, फक्त ते चुकीच्या सोबत्यांशेजारी बसलेत. यावर जरा सविस्तर लिहिते. इतकी वर्षं मुलींना इंग्रजी शिकवताना मला सगळ्यांत जास्त आनंद याच विषयाने दिला आहे.

तुझंच वाक्य घेऊ. आजीने घड्याळाकडे पाहिलं, यासाठी तू लिहिलंयस 'टुक अ ग्लिम्प्स ॲट द क्लॉक'. अर्थ कळतो, पण वाचणारा अडखळतो. 'ग्लिम्प्स' अशी ठरवून घेता येत नाही. ती मिळाली तर मिळते. म्हणून इंग्रजीत तिच्या आधी 'कॅच' किंवा 'गेट' येतं आणि नंतर 'ऑफ'. पालखी निघून जाताना गर्दीच्या डोक्यांमधून क्षणभर पादुका दिसाव्यात, धुकं जरासं हलावं आणि किल्ल्याचा बुरूज दिसून पुन्हा नाहीसा व्हावा, ती 'ग्लिम्प्स'. बघणाऱ्याच्या हातात त्यात फारसं काही नसतं. तिला लागणारी विशेषणंही तशीच निसटती आहेत: 'ब्रीफ', 'फ्लीटिंग', 'टँटलायझिंग'. 'ग्लान्स' मात्र बघणारा स्वतःहून टाकतो. 'कास्ट', 'थ्रो', 'शूट' ही फेकण्याची क्रियापदं त्याला लागतात. आपणही नजर टाकतो, कटाक्ष टाकतो, तसंच. तुझी आजी घड्याळाकडे आपणहून बघते आहे, तेव्हा ती सरळ 'ग्लान्स्ड ॲट द क्लॉक'. क्रियापद म्हणून वापरताना 'ग्लान्स'ला 'ॲट' लागतं आणि 'ग्लिम्प्स'ला लागत नाही, हेही वहीत लिहून ठेव. माझ्या वर्गात वर्षानुवर्षं 'ग्लिम्प्स्ड ॲट' लिहून येतं.

याच 'ग्लान्स'ची एक जोडी आपल्या लोकांना फार फसवते. 'स्टील अ ग्लान्स' म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने पटकन बघून घेणं. आपल्याकडे 'नजर चोरणे' आहे, दोन्हीकडे चोरीच आहे, तेव्हा मुली बिनधास्त एकाच्या जागी दुसरं लिहितात. पण आपण नजर चोरतो ती बघायचं टाळण्यासाठी. उधार घेतलेले पैसे परत न करणारा माणूस रस्त्यात भेटला की नजर चोरतो. इंग्रजीत त्यासाठी 'अव्हर्ट' आहे, 'अव्हर्टेड हिज आइज'. तुझ्या कथेतला मामा नव्या मामीकडे सगळ्यांच्या नकळत बघतो, तिथे 'स्टोल अ ग्लान्स' अगदी चपखल बसेल. त्याचं कुणी मराठीत भाषांतर करताना 'नजर चोरली' लिहिलं तर बिचाऱ्या मामाचा सगळा जीवच त्या वाक्यातून निघून जाईल.

तुझे पाहुणे लाडवांच्या ताटाकडे 'गेझ' करतात, तेही वाचून मी थांबले. कोशात 'गेझ' म्हणजे टक लावून बघणे, आणि 'स्टेअर' म्हणजेही टक लावून बघणे. पण 'गेझ'मध्ये सावकाशी आहे, बहुतेक वेळा ओढ किंवा विचारमग्नपणा आहे. माणसं खिडकीबाहेर, चांदण्यांकडे, दूर क्षितिजाकडे 'गेझ' करतात. नाम म्हणून तो आला की त्याच्याशी 'मीट', 'होल्ड', 'लोअर' ही क्रियापदं येतात. लाडवांकडे 'गेझ' करणारा पाहुणा वाचणाऱ्याला प्रेमात पडल्यासारखा वाटतो. त्याला खायचे आहेत, तर त्याला 'आय' हे क्रियापद दे: 'आइड द लाडूज हंग्रिली'. या 'आय'च्या सोबतीला संशय, सावधपणा, हाव असलेच भाव येतात. 'स्टेअर' अधिक कोरडा आहे. त्याची विशेषणं बघ: 'ब्लँक', 'व्हेकंट', 'स्टोनी', 'आयसी'. 'स्टेअरिंग इंटू स्पेस' म्हणजे आपलं हुबेहूब 'शून्यात बघणे'. आणि तुझ्या नातवाला विचार, 'हार्ड स्टेअर' कुणाची, तो लगेच सांगेल. मायकल बाँड यांचं पॅडिंग्टन अस्वल 1958 मध्ये पुस्तकात आलं. पेरू देशातल्या ल्यूसी आत्याने त्याला शिकवलेली ही नजर समोरच्या उद्धट माणसाला पार घामाघूम करते. 'हार्ड' आणि 'स्टेअर' हे दोन साधे शब्द आहेत, पण आता तिथली पोरंसुद्धा ते एकत्रच ओळखतात.

'पिअर'बद्दल थोडक्यात. नीट दिसत नसताना डोळ्यांना ताण देऊन बघणं, म्हणून तो अंधारात, धुक्यात, काचेतून, चष्म्याच्या वरून येतो. 'पीप' फटीतून आणि लपून. कॉव्हेंट्री तुझ्यापासून जवळच आहे. तिथल्या लेडी गोडायव्हाच्या दंतकथेत मागाहून घुसलेल्या आणि तिला चोरून बघणाऱ्या टॉमने या शब्दाला कायमचं बदनाम करून ठेवलंय.

सखे, कुठला शब्द कुणाशेजारी बसतो याचा पद्धतशीर अभ्यास बऱ्याच अंशी परक्यांसाठीच सुरू झाला, ही गोष्ट मला फार जवळची वाटते. हॅरॉल्ड पामर टोकियोत इंग्रजीच्या अध्यापनावर संशोधन करणारी संस्था चालवत होते. अशा शब्दजोड्यांवरचा त्यांचा अहवाल 1933 चा. ए. एस. हॉर्न्बी 1924 मध्ये शिकवायला जपानला गेले आणि पुढे पामरांच्या कामात सामील झाले. जपानी विद्यार्थ्यांना शब्दाचा अर्थ कोशात मिळे, पण तो वाक्यात कसा बसवायचा ते मिळत नसे. हॉर्न्बी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी याच गरजेतून केलेला कोश 1942 मध्ये टोकियोतच निघाला, आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्याकडून प्रसिद्ध केला. आपण शाळेत ज्या जाड ऑक्सफर्डसाठी भांडायचो, तो त्याच वंशातला. या शब्दांच्या सोबतीला भाषाशास्त्रात मानाची जागा दिली ती जे. आर. फर्थ यांनी, आणि ते 1919 ते 1928 लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. शब्द ओळखायचा तर तो कुणाच्या संगतीत असतो ते बघा, असं त्यांनी 1957 मध्ये लिहिलं. आपल्याकडे माणसाबद्दल हेच म्हणतात.

आणि पुढचा सगळा भाग तुझ्या गावचा आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांनी कोट्यवधी शब्दांचा खराखुरा इंग्रजी मजकूर संगणकात भरला आणि शब्द नेमका कुठे कुठे येतो ते बघून 1987 मध्ये कोबिल्ड कोश तयार केला. त्यांचा 1996 चा एक लेख मी दरवर्षी मुलींना समजावून सांगते. विषय फक्त दोन शब्दांचा, 'नेकेड आय'. आपण म्हणतो नुसत्या डोळ्यांनी. सिंक्लेअरनी त्याची सगळी उदाहरणं एकाखाली एक मांडली. आधी जवळजवळ नेहमी 'द'. त्याच्या आधी 'विथ' किंवा 'टू'. त्याच्या आधी 'सी' किंवा 'व्हिजिबल'सारखा दिसण्याचा शब्द. आणि आणखी मागे गेलं की लहानपणा, अंधुकपणा, अवघडपणा: 'बेअरली', 'टू फेंट', 'टू स्मॉल'. म्हणजे 'नेकेड आय' उच्चारताक्षणी काहीतरी दिसायला कठीण आहे ही सूचना येतेच. शब्दांच्या जोडीबरोबर एक मनःस्थितीही चालत येते, आणि ती कुठल्याही कोशातल्या अर्थात लिहिलेली नव्हती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप आली नव्हती.

एकवचनी 'आय' आणि अनेकवचनी 'आइज' यांच्या वाटा वेगळ्या, हेही त्यांनीच दाखवलं. निळे, भरलेले, दमलेले असतात ते 'आइज'. 'आय' मुख्यतः लक्ष देणं, लक्षात येणं अशा वाक्प्रचारांत येतो: 'कीप ॲन आय ऑन', 'कॅच समवन्स आय', 'टर्न अ ब्लाइंड आय'. शेवटच्याची गोष्ट नेल्सनची सांगतात. 1794 मध्ये कॉर्सिकातल्या काल्व्हीला त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. 1801 च्या कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा झाला तेव्हा त्याने म्हणे दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि इशारा दिसत नाही म्हणाला. आपल्याकडे या कामाला कानालाही सोबत घेतात, 'कानाडोळा'. तसाच 'डोळा' एकवचनी, बघ. मराठीतही डोळा लागतो, डोळा मारतात, कुणाच्या तरी जमिनीवर डोळा असतो. आणि डोळे वटारतात, डोळे भरून बघतात, डोळे फिरतात. वटारलेला एक डोळा कुणी कधी ऐकलाय का? हे आपल्याला कुणी शिकवलं नाही, तरी आपलं कधी चुकत नाही. मोल्सवर्थच्या कोशात 'डोळा'खाली बघ, दाते-कर्व्यांचा वाक्संप्रदाय कोश चाळ, केवढी संपत्ती आहे ती. फक्त एक सावधगिरी ठेव. सुट्टीला जाताना शेजारणीला 'कीप ॲन आय ऑन द हाउस' सांगणं म्हणजे घराकडे लक्ष ठेव. मराठीत तिचा घरावर डोळा असला तर आपण कुलूप बदलू.

आता तुझ्या कथेच्या मर्माकडे येते. आईने डोळे वटारले. तू 'ग्लेअर्ड' केलंयस. 'ग्लेअर' म्हणजे रागाने उघड उघड रोखून बघणं. डोळे दिपवणाऱ्या प्रखर प्रकाशालाही तोच शब्द आहे, तेवढा त्यात भडका आहे. पण तुझी आई पाहुण्यांसमोर उभी आहे. तिच्या ओठांवर हसू आहे आणि फक्त मुलीलाच कळेल एवढीच धमकी डोळ्यांत आहे. इथे 'शॉट मी अ वॉर्निंग लुक' चालेल. त्याहून मला 'गेव्ह मी अ लुक' आवडेल. विशेषण नको. नुसता 'अ लुक' दिला की इंग्रजी वाचकाला बरोबर समजतं, कारण त्यालाही आई होती. तिथे लुक 'देतात', एखादी वस्तू द्यावी तसा हातात ठेवतात, आणि घेणाऱ्याला तो मुकाट घ्यावा लागतो. तेच तू स्वतः बघायला गेलीस की 'हॅव अ लुक', अमेरिकेत 'टेक अ लुक'. क्रियापद बदललं की बघण्याची दिशाच बदलते.

मुलगी आजोबांसमोर खाली बघते तिथे तू 'अव्हॉइडेड आय काँटॅक्ट' लिहिलंयस. ते मात्र बदलच. 'आय काँटॅक्ट'ला 'मेक', 'मेंटेन', 'ब्रेक', 'अव्हॉइड' ही क्रियापदं लागतात, आणि 'अव्हॉइड' बरेचदा लपवाछपवी करणाऱ्या किंवा अवघडलेल्या माणसाच्या वाट्याला येतं. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं ही आपल्या घरांत अदब होती. नजरेला नजर भिडवणं म्हणजे आव्हान. त्या मुलीसाठी 'लोअर्ड हर आइज' लिही, त्यात आदर आणि संकोच दोन्ही मावतात. माझ्या मुलींना नोकरीच्या मुलाखतीत याचाच फटका बसतो. हुशार, अभ्यासू मुली आयुष्यभर शिकवलेल्या शालीनतेने टेबलाकडे बघून उत्तरं देतात आणि समोरचे लिहितात की आत्मविश्वास नाही. मी त्यांना सांगते, नजर उचलून बोला, घरी आल्यावर तुमची रीत तुमच्याकडेच आहे. मला हे सांगायला आवडत नाही, पण सांगितलंच पाहिजे.

एक शब्द मी वर्गात मुद्दाम लवकर शिकवते, 'लिअर'. वखवखलेल्या, ओंगळ नजरेने हसत बघणं. 'ओगल'ही त्याच घरचा. वर्गात शांतता पसरते, कारण एसटीत, बसथांब्यावर, क्लासच्या जिन्यात ही नजर प्रत्येकीला भेटलेली असते. मग एकेक जण बोलायला लागते. 'तो बघत होता' एवढंच सांगितलं तर घरचे म्हणतात, बघू दे की, बघितल्याने काय होतं. लंडनच्या भुयारी रेल्वेत काही वर्षांपूर्वी फलक लागले होते, त्यांवर 'इंट्रूसिव्ह स्टेअरिंग' अशी जोडी वापरून लैंगिक हेतूने असं बघणं हा छळ आहे आणि तो खपवून घेतला जाणार नाही, असं स्पष्ट छापलं होतं. सक्तीने अंगावर येणारं बघणं. 'स्टेअर'ला ते एक विशेषण लागलं आणि तक्रार करायला बाईला शब्द मिळाला. मराठीत आपण 'वाईट नजर' म्हणतो, पण त्यात दृष्टही येते आणि काजळाची तीटही येते. आपल्या बसगाड्यांमध्ये लावता येईल अशी एखादी नेमकी जोडी मराठीत रूढ व्हायला हवी, आणि ती आपण बायकांनीच केली पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

'सी', 'लुक' आणि 'वॉच'चा घोळ तुला एवढी वर्षं तिथे राहून राहिला नसेल, म्हणून सोडून देते. हलणारं, घडणारं काही आपण 'वॉच' करतो, मॅच, पक्षी, खेळणारी मुलं, एवढं पुरे.

पण 'लुक'बद्दल तुमच्या बाईंशी माझं पटत नाही. इतक्या रेघा मारायचं काही कारण नव्हतं. इंग्रजीतलं हे सगळ्यांत साधं क्रियापद, आणि शेजारी एक छोटा शब्द ठेवला की ते केवढं बोलतं! 'लुक्ड अप', 'लुक्ड अवे', 'लुक्ड बॅक', 'लुक्ड राउंड'. आईने लाडू नाही म्हटल्यावर मुलगी 'लुक्ड अवे', इथे दुसरं काही घालायची गरजच नाही. चांगल्या लेखकांचं कुठलंही पान काढ, 'लुक' जागोजागी दिसेल आणि त्याला चिकटवलेलं क्रियाविशेषण क्वचित. 'लुक्ड अँग्रिली', 'लुक्ड सॅडली' असं दर ओळीला आलं की मजकूर फिका पडतो, तेवढंच टाळ. तुझ्या कथेत जिथे बघण्याची तऱ्हा महत्त्वाची आहे अशा जागा मोजक्याच आहेत: आईचा लुक, मामाचा चोरटा ग्लान्स, पाहुण्याची हाव, मुलीची खाली गेलेली नजर. त्या जागांवर नेमकी जोडी घाल आणि बाकी सगळीकडे 'लुक' परत आण.

आणि समानार्थी शब्दांचा तो कोश कपाटात ठेवून दे. तो शब्द एकेकटे सुटे देतो. ऑक्सफर्डचा शब्दजोड्यांचा स्वतंत्र कोश 2002 पासून आहे. तुमच्या वाचनालयात नक्की मिळेल. त्यात 'ग्लान्स', 'गेझ', 'लुक' एवढ्या तीन नोंदी शांतपणे वाच. वाचताना नजरेचा शब्द आला की तो एकटा टिपू नकोस, आधीचं क्रियापद आणि नंतरचं शब्दयोगी अव्यय धरून सगळा तुकडा वहीत उतरव.

सुधारलेली कथा मला पोस्टानेच पाठव, म्हणजे समासात लिहिता येईल. सगळ्यांना माझा नमस्कार सांग, नातवाला आशीर्वाद.

तुझी,
वाईची मैत्रीण